उघड्या तोंडाच्या घोड्या

माझ्या वयाची ओळखीची माणसं केदारनाथला जातात, अंदमानला जातात आणि परत आली की चहा गार होईपर्यंत फोटो दाखवतात. मी या मे महिन्यात मानखुर्दहून निघालो, मुलुंड, जुहू, अंधेरी करत बोरिवली गाठली आणि परत मानखुर्दला आलो. यातलं एकही ठिकाण तुम्हाला नवीन नाही, ठाऊक आहे. पण चोरीला गेलेली घोडी शोधत तुम्ही तिथून फिरला नसाल, म्हणून लिहायला बसलो. पाय अजून सुजलेले आहेत. लिखाणात कुठे चिडचिड दिसली तर ती गुडघ्यांची समजावी.

आधी माझं सांगतो. मी घाटकोपरचा. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. पुढचे दात गेले, फुंकर निसटायला लागली, तेव्हापासून बँडच्या पुढे चालतो, गाड्या अडवतो आणि बँडचा छोटा टेम्पो हाकतो. लोक अजून मास्तर म्हणतात, ते त्यांचं प्रेम.

मानखुर्द

घोडी सुलभाची. सुलभा मूळची जालन्याकडची. नवरा वरातीची घोडी चालवायचा. तो गेल्यावर तिने धंदा मोडला नाही, लगाम आपल्या हातात घेतला. खाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडची एक ओळ आहे, तिथे घोडीवाल्यांची चार-पाच घरं आणि त्यांची जनावरं शेजारी शेजारी राहतात. तिच्या घोडीचं नाव शेवंती. पांढरीशुभ्र, डाव्या कानाची कड फाटलेली, आणि तिच्या पोटाशी दीडेक महिन्याचं शिंगरू.

शेवंती चोरीला कशी गेली ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. वरातीच्या घोडीला एकच गोष्ट शिकवलेली असते, बँड वाजला की त्याच्या मागे चालायचं. चोराने पहाटे मोबाइलवर वरातीचं गाणं लावलं, दावं सोडलं आणि पुढे चालू लागला. घोडी मुकाट त्याच्या मागे गेली. सगळ्या वस्तीने ते गाणं ऐकलं. पण लग्नसराईत घोडीवाल्यांच्या वस्तीत पहाटे बँडचा आवाज आला, तर उठून बघणार कोण? जो तो कूस बदलून झोपला. सकाळी शिंगरू ओरडायला लागलं तेव्हा कळलं.

मी पोचलो तेव्हा सुलभाची नणंद वैशाली शिंगराला बाटलीने गाईचं दूध पाजत होती. ते दोन घोट घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. जे पोटात जात होतं ते टिकत नव्हतं.

"मास्तर, घोडी मला आज ना उद्या भेटेल," सुलभा म्हणाली. "पण हे तोवर राहील का? आणि चार-पाच दिवस कुणी प्यायलं नाही तर तिचं दूध आटणार. मग भेटून काय उपयोग?"

पोलीस चौकीत आम्ही दोघं गेलो. हवालदार चांगला माणूस होता, त्याने बसायला दिलं आणि घोडीचा फोटो मागितला. सुलभाच्या मोबाइलमध्ये शेवंतीचे फोटोच फोटो. पण प्रत्येकात घोडी वरातीत. पाठीवर झूल, कपाळापासून नाकापर्यंत जरीचा साज, कानांना टिकल्यांच्या टोप्या आणि वर कुणीतरी घामेजलेला नवरदेव. हवालदाराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "बाई, यात घोडी कुठंय?" अख्ख्या मुंबईच्या लग्नांच्या अल्बममध्ये असलेली घोडी, पण तिचं तोंड कुणाकडे नव्हतं. तक्रारीत शेवटी फाटका कान लिहून घेतला.

खरी तक्रार सुलभाने नंतर केली. शेडबाहेर उभी राहून तिने घोडीवाल्यांच्या ग्रुपवर आवाज पाठवला. "मानखुर्दची सुलभा बोलतेय. माझी शेवंती गेली. तोंडं उघडी ठेवा."

मला वाटलं होतं या लोकांच्या सगळ्या रीती मला माहीत आहेत. ही नव्हती. जनावर चोरीला गेलं की ते सापडेपर्यंत उपनगरातला एकही घोडीवाला आपल्या घोडीच्या तोंडावर साज चढवत नाही. चोरीची घोडी लपवायला वरातीइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे सगळ्याच झाकलेल्या. म्हणून सगळ्यांनी उघड्या करायच्या. मग जी झाकून निघेल ती नजरेत भरते. गिऱ्हाईक चिडतं, भांडतं, एखादं लग्न हातचं जातं. तरी साज चढवायचा नाही.

"पण नुसतं वाट बघत बसू नाही शकत मी," सुलभा म्हणाली. टेम्पो मीच चालवतो, आणि लगीनघाईतही चार दिवस माझ्यावाचून बँडचं काही अडत नाही. निघालो.

मुलुंड

मुलुंडला काशीनाथ राहतो, सुलभाच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याच्या दोन घोड्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा तो एका मारवाडी घरच्या लग्नाला उभा होता. त्यांच्याकडची एक रीत मला फार आवडते. नवरदेव चढायच्या आधी त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली चणाडाळ भरवतात, तिच्या गळ्यावरून हात फिरवतात. आमच्या बाजूला घोडीला कोण विचारतं? नवरदेवाला वर ढकलतात आणि फटाक्यांची माळ तिच्याच पायाशी लावतात.

पण त्या दिवशी बहिणी डाळ घेऊन आल्या आणि थबकल्या. अंगावर मखमली झूल आणि तोंड साधं, घरच्यासारखं. नवरदेवाची आई पुढे आली. "ये क्या है? फोटो में जो साज दिखाया था वो किधर है?" काशीनाथने हात जोडले आणि मराठी-हिंदीची खिचडी करत सांगितलं, की आमच्यातली एक घोडी हरवली आहे, ती मिळेपर्यंत आम्ही तोंड झाकत नाही. बाईंचं तोंड उतरलं. पोराच्या लग्नाचे फोटो पुन्हा निघत नाहीत, त्यांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी एक धाकटी बहीण म्हणाली, "अरे, इसकी आँखें तो देखो मम्मी," आणि तिने डाळ भरवली. त्यावर वरात निघाली.

आम्हाला मांडवाच्या मागे बसवून ताक आणि गरम फाफडा दिला. मी भरपूर खाल्लं. सुलभा ताकाचा ग्लास हातात धरून बसली. काशीनाथने आपल्या वाटेवरचे सगळे तबेले आधीच पाहिले होते. भांडुप नाही, कांजूर नाही, ठाण्याकडून काही नाही. "वहिनी, घोडीवाली पोरं चार दिवस ऐकतील माझं," तो हळूच म्हणाला. "लग्नं दाट आहेत. पुढचं मी नाय सांगू शकत."

"रविवारपर्यंत, भावजी," सुलभा म्हणाली. "त्यानंतर मी कुणाला बांधून नाही ठेवणार."

जुहू

कुणीतरी सांगितलं, जुहूच्या वाळूत एक नवीन पांढरी घोडी दिसली. पूर्वी तिथे पोरांना फिरवणारे घोडे सर्रास असायचे, आता शोधावे लागतात. भर दुपारी आम्ही किनाऱ्याच्या एका टोकापासून चालायला सुरुवात केली. मध्येच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मे महिन्यातली वाळू म्हणजे तापलेला तवा. मी एक पाय वाळूत आणि एक पाय पाण्यात असा नाचत चाललो होतो, आणि गोळेवाला मला बघून मनापासून हसत होता. गोळा मात्र त्याने झकास दिला, कालाखट्टा. सुलभानेही घेतला. ती चोखत राहिली आणि समुद्राकडे न बघता वाळूतले खुरांचे ठसे बघत राहिली.

घोडी सापडली. म्हणजे दिसली. पांढरी होती, दोन्ही कान धड होते. सुलभाने तिच्या मानेला हात लावला, मालकाला काही विचारलंही नाही आणि परत फिरली.

टेम्पोत वैशालीचा फोन आला. शिंगरू उभं आहे, पण बाटली दिसली की पाठ फिरवतंय. सुलभाने फोन ठेवला आणि छातीवरचा पदर सारखा केला. मी टेम्पो चालू केला.

अंधेरी

अंधेरीला मालिकांच्या शूटिंगसाठी घोडे लागतात. तिथल्या एका स्टुडिओत कालच एक पांढरी घोडी आली आहे आणि तिचा कान कापलेला आहे, असा निरोप होता. सुलभाचा चेहरा उजळला, आणि मला लगेच धास्ती बसली. मला हल्ली आशेची फार भीती वाटते, ती उतरताना अंगातलं सगळं बळ घेऊन उतरते.

फाटकावरचा रखवालदार आत सोडेना. मी सांगितलं मी बँडमास्तर आहे. त्याने सांगितलं तो चौकीदार आहे. शेवटी घोड्यांना चारा घालणारा माणूस बाहेर आला, त्याने सुलभाचा आवाज ग्रुपवर ऐकला होता. तोही पूर्वी वरातीच्या घोड्या चालवायचा. त्याने आम्हाला मागच्या बाजूने नेलं.

राजवाड्याचा देखावा होता. पायऱ्यांपाशी एक पांढरंशुभ्र जनावर उभं. सुलभा लांबूनच थांबली.

"मास्तर, हा घोडा आहे."

मी नीट पाहिलं. घोडाच होता. शिवाय चॉकलेटी होता. पावडर चोळून पांढरा केलेला, घामाने पोटाखाली ओघळ आले होते. चारावाला ओशाळला. "सॉरी ताई, मी पण लांबून कान बघूनच कळवलं."

दोघंही हसायला लागलो. औद्योगिक वसाहतीतल्या कँटीनमध्ये उसळ-पाव खाताना सुलभा अजून हसत होती, आणि हसता हसता तिने ताट बाजूला सारून टेबलावर डोकं टेकलं. वरून मेट्रो जात होती. वेटर दोनदा आला, मी त्याला हाताने परत पाठवलं. मला खरोखर वाटलं, आता हिला घरी नेऊन सोडावं आणि सांगावं की पुरे झालं. माझेही पाय संपले होते.

पण तिने तोंड धुतलं आणि म्हणाली, "चला, चौकश्या अजून बाकी आहेत."

बोरिवली

रविवारी सकाळी फोन आला, बोरिवलीच्या एका घोडीवाल्याचा. "सुलभाताई, इथं एक वरात निघायचीय. घोडी पांढरी, आणि तोंडापासून कानापर्यंत फुल झाकलीय. माणूस आपल्यातला नाय. तुम्ही या लवकर." सुलभाने काशीनाथला मोठा टेम्पो घेऊन यायला सांगितलं आणि आम्ही सुटलो.

वरात रस्त्यात गाठली. पुढे बँड, मग नाचणारे काका-मामा, मग घोडी, मग नऊवारीतल्या बायका. लगाम एका चाळिशीच्या माणसाच्या हातात होता. सुलभा बाजूने चालत पुढे गेली. ती घोडीपासून हातभर अंतरावर पोचली आणि घोडी जागच्या जागी थांबली. बँड पुढे चालला, ती मात्र हलेना. तिने साजाखालून मान वळवली आणि सुलभाच्या खांद्याला नाक लावलं.

आता काही शंका उरली नव्हती. मी म्हणालो, "धर लगाम. मी चौकीला फोन करतो."

"करा फोन. पण तो खाली उतरल्यावर." तिने वर नवरदेवाकडे बघितलं. "चढलेला नवरदेव घोडीवाल्याने मधेच उतरवायचा नसतो, मास्तर. माझ्या हातून नाही होणार ते."

"अगं, घोडी तुझी आहे."

"लग्न तर त्या पोरीचं आहे ना. ती हॉलवर नटून बसलीय. तिचा काय दोष?"

आणि ती मागे सरकली, थेट बायकांच्या घोळक्यात, शेवंतीला दिसणार नाही अशी. ती दिसत राहिली असती तर घोडी हललीच नसती. बँडच्या मागे शेवंती पुन्हा चालू लागली.

मी लग्नांत आयुष्य घालवलं, पण वरातीचा एवढा राग मला कधी आला नव्हता. दहा पावलं पुढे की थांबा. मामांना नागीण नाचायची होती. एका काकांना रस्त्यावर आडवं व्हायचं होतं. मुहूर्त अजून लांब होता, त्यामुळे कुणालाही घाई नव्हती. बँडचा मास्तर माझ्या ओळखीचा, त्याला म्हटलं चाल वाढव. तो म्हणाला, "मी वाढवतो रे, पण पब्लिकला सांग ना."

तेवढ्यात सुलभा मागून आली. फोन कानाला. "वैशी म्हणते, ते खाली बसलंय. उठत नाय. सकाळपासून थेंब घेतला नाय." एवढं बोलून ती पुन्हा मागे गेली.

मग मी तिला न विचारता मामांपाशी गेलो. ढोलाच्या आवाजात त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. घोडी चोरीची आहे, मालकीण मागे चालतेय, नवरदेवाला उतरवणार नाही म्हणते, आणि तिकडे मानखुर्दला शिंगरू भुकेने आडवं झालंय. मामांचे हात हवेत राहिले. त्यांनी मागे वळून बायकांच्या घोळक्यात वऱ्हाडातली नसलेली ती एकटी बाई शोधली. तिला बघितलं आणि रुमालाने कपाळ पुसलं.

त्यांनी बँडला हात केला, काकांना रस्त्यावरून उठवलं, पुढच्या पोरांना काहीतरी सांगितलं. वरात चालू लागली. मग भराभर चालू लागली. बायकांनी नऊवारीचे ओचे धरले. काय झालं ते नवरदेवाला कुणीतरी सांगितलं, तो म्हणाला मी उतरतो, तर सगळे एकदम म्हणाले, "गप बस." तो फेटा धरून बसला. अशी धावत पोचलेली वरात मी जन्मात पाहिली नाही. हॉलच्या दारात मुलीकडचे अजून ओवाळणीचं ताट शोधत होते. कुणीतरी ते आणेपर्यंत मामाच नवरदेवाला म्हणाले, "आता उतर बाबा."

लगाम धरलेल्या माणसाने वाटेतच सगळं ऐकलं होतं. त्याचं नाव दिगंबर. मालवणकडचा, आधी रिक्षा चालवायचा. पळून गेला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. तो लगाम तसाच धरून उभा राहिला. "माका ठावक नाय होता," तो म्हणाला. "एका दलालाकडून घेतलंय. तोंड झाकूचा नाय, ह्या माका कोणी सांगूकच नाय."

"ठावक नाय होता, पण मी सांगितलंय नाय?" हे त्याच्या बायकोचं बोलणं. सुगंधा तिचं नाव. ती हॉलच्या फाटकापाशी आधीपासून उभी होती, हातात स्टीलचा डबा. त्या डब्याकडे बघून सुलभा तिच्याकडे वळली.

"हा कशाला?"

"दूध काढूक. सकाळी ह्येंका घाई, ऱ्हवान गेला." सुगंधाने डबा पदराआड घेतला, जणू तिचीच चोरी पकडली गेली होती. "आणल्या दिवशीच मी बघलंय, सड तट्ट भरलेले. म्हटलंय, ह्याचा पोर खंयतरी उपाशी असतला. ह्येंका म्हटलंय, शोधा कोणाची ती. हे म्हणतत हंगाम झाल्यावर बघू. मग मी दिसाक दोन येळा काढत ऱ्हवलंय. आटूक दिलंय असता तर पोरान काय केला असता?"

"आणि त्या दुधाचं काय केलंस?"

"आमच्या मागच्या बाजूक कुत्रीची पिल्ला हत."

सुलभाने वाटभर ठरवलेल्या शिव्या मी टेम्पोत ऐकल्या होत्या. त्यातली एकही बाहेर आली नाही. ती खाली वाकली, शेवंतीच्या कासेला हात लावला आणि तशीच वाकून राहिली. वर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. "काढू आता?" सुगंधाने विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, "नको. तसाच ऱ्हवांदे. पोराक होया."

मी फोन केल्यावर जवळच्या चौकीतून माणूस आला. त्याने घोडीच्या कानाची टोपी काढून फाटका कान पाहिला, तक्रारीची प्रत वाचली, दिगंबरला सोबत घेतलं आणि आम्हाला म्हणाला, "कागदाला उद्या या. आधी घोडी न्या." मामा आम्हाला जेवून जा म्हणत होते. वाढलेल्या मठ्ठ्याचा वास येत होता, आणि मला खरंच भूक होती. काशीनाथचा टेम्पो आला आणि आम्ही घोडी चढवली. निघताना सुलभाने ग्रुपवर आवाज पाठवला. "सापडली. साज चढवा."

पुन्हा मानखुर्द

शिंगरू पोत्यावर आडवं होतं. वैशाली त्याच्या मानेखाली हात घालून बसली होती, आणि वस्तीतली सगळी घोडीवाली माणसं दाराशी उभी होती, कुणी आत येत नव्हतं. शेवंती आत आली. तिने वरून त्याला हुंगलं. ते हललं नाही. तिने नाकाने ढकललं, पुन्हा ढकललं. माझ्याने बघवेना, मी दाराबाहेर तोंड केलं.

सुलभा खाली बसली. तिने एका हाताच्या पशात धार काढली आणि तो पसा शिंगराच्या ओठांना लावला. बराच वेळ दूध तिच्या बोटांतून खाली जात राहिलं. मग त्याने जीभ बाहेर काढली. एकदा चाटलं, पुन्हा चाटलं. पसा संपल्यावर ते मान वर करून शोधू लागलं. वैशाली आणि काशीनाथने त्याला पोटाखाली धरून उभं केलं, आणि लटपटत्या पायांवर त्याने आईची कास धरली.

मी तिथेच मातीत बसलो, आणि कुणी उठवलं तरी उठणार नव्हतो. शेडमध्ये फक्त त्याच्या चोखण्याचा आवाज होता.

सुलभाने मोबाइल काढला. दिगंबरकडून घेतलेला सुगंधाचा नंबर लावला. पलीकडे तिने उचलला तेव्हा सुलभाने फोन फक्त शिंगराच्या तोंडापाशी नेऊन धरला. हात अवघडेपर्यंत धरला. मग पलीकडून सुगंधाचा आवाज आला, एवढा बारीक की मला जेमतेम ऐकू आला.

"पिता हा?"

"पितंय," सुलभा म्हणाली.